मध्यंतरापर्यंतची खिडकी

कात्रण टेबलावर पडून होतं आणि त्याला कुणी हात लावत नव्हतं. एरवी या घरात वर्तमानपत्रातलं सिनेमाचं पान संध्याकाळपर्यंत धड राहत नसे. दादा त्यावर पेन्सिलीनं रेघा मारत, काकू त्या रेघांखाली उलट उत्तरं लिही आणि उरलेल्या जागेवर दादांचा धाकटा भाऊ छोट्या आपला चहाचा कप ठेवी. हे कात्रण शुक्रवारचं होतं. रविवारची दुपार झाली तरी त्यावर साधा डाग नव्हता, यावरून घरात काय शिजत होतं त्याचा अंदाज यावा.

‘पडद्यासमोर’ हे सदर दर शुक्रवारी छापून येई. खाली नाव नसे, नुसतं ‘एक प्रेक्षक’. दोन वर्षांत या एका प्रेक्षकानं शहरातल्या सिनेमावाल्यांच्या तोंडचं पाणी पळवलं होतं. लिहिणारा कोण ते कुणालाच ठाऊक नव्हतं, त्याची मतं मात्र सगळ्यांना तोंडपाठ. या शुक्रवारी सदराच्या शेवटी चार ओळी जादा होत्या:

‘पुढच्या शुक्रवारी मी अजून प्रदर्शित न झालेल्या एका सिनेमाबद्दल लिहिणार आहे. त्यात एक बाई तिकिटाच्या खिडकीत बसते. तिच्यावर अन्याय झाला आहे. तो दिग्दर्शिकेनं केला की आणखी कुणी, एवढंच शोधायचं राहिलं आहे.’

दिग्दर्शिका म्हणजे चिमी, दादांची एकुलती एक मुलगी. वय चौतीस, आणि त्यातली शेवटची चार वर्षं तिनं या एका सिनेमात घातली होती. शहरात एकाच थिएटरवाल्यानं तो आठवडाभर लावायचं कबूल केलं होतं, तेही पुष्कळ आढेवेढे घेऊन. हा गृहस्थ ‘पडद्यासमोर’ वाचल्याशिवाय शुक्रवारी कुणाशी बोलत नसे. सदरानं नावं ठेवली म्हणून त्यानं याआधी दोन सिनेमे मंगळवारीच उतरवले होते. तिसरा लावायच्या आधीच उतरवायला त्याला कितीसा वेळ लागणार होता?

आणि यातली खरी मेख वेगळीच होती. चिमीचा सिनेमा बाहेरच्या एकाही माणसानं पाहिलेला नव्हता. मागच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी याच खोलीत तो पाच जणांनी पाहिला होता. त्यातले चौघं आत्ता इथं बसले होते आणि पाचवी, ताई, खाली चहा करत होती.

घरचं थिएटर बंद पडून सात वर्षं झाली होती. मोठ्या सभागृहात आता एका व्यापाऱ्याच्या गाद्या छतापर्यंत रचलेल्या होत्या. वरची अठरा खुर्च्यांची खोली आणि तिला लागून असलेली प्रोजेक्टरची यंत्रखोली, एवढंच घरच्यांनी स्वतःकडे ठेवलं होतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी इथं एक सिनेमा पाहायचा आणि मग मतं सांगायची, धाकट्यापासून सुरुवात करून थोरल्यापर्यंत. हा नियम दादांच्या वडिलांचा. मोठ्यांनी आधी तोंड उघडलं की लहानांची मतं घशातच राहतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

ताईचं मत मात्र कुणी विचारत नसे. ती दादांहून लहान आणि छोट्याहून मोठी. सदतीस वर्षं खालच्या खिडकीत बसून तिनं तिकिटं दिली होती, आणि अमका सिनेमा कसा होता असं विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं, "मी खिडकीत होते." नोकरांचं ऐकून दादाही धाकट्या बहिणीला ताईच म्हणू लागले, तसा हा विनोदही घरात मुरून गेला होता. आता ती मध्यंतराला चहा घेऊन वर येई, ज्याचा त्याचा कप ज्याच्या त्याच्या हातात देई, छोट्याचा तेवढा खुर्चीच्या हातावर ठेवी, आणि दाराजवळच्या खुर्चीत डोळे मिटून बसे. ताईला डुलकी लागली की मध्यंतर संपलं, असं सगळे म्हणत.

"धाकट्यापासून सुरुवात करायची ना?" चिमी म्हणाली. "मग मी सांगते. आपल्यातलं कुणीतरी आहे."

मग सगळे एकदम सिनेमांबद्दल बोलायला लागले. या घरात भांडण टाळायचं असलं तरी विषय सिनेमाच, आणि करायचं असलं तरी सिनेमाच.

काकू म्हणजे छोट्याची बायको, नव्या सिनेमांची कट्टर भक्त. ज्यात अर्धा तास एक माणूस नळ दुरुस्त करतो असे सिनेमे तिला आवडत. तिचं म्हणणं, हा एक प्रेक्षक जुन्या वळणाचा असणार, कारण गेल्या पावसाळ्यात त्यानं तिच्या आवडत्या सिनेमाची पार सालटी काढली होती. दादांना ते पटेना. त्यांच्या मते जुन्या वळणाचा माणूस असा उतावळा नसतो. पूर्वी कॅमेरा माणसाच्या तोंडावर थांबायचा, बघणाऱ्यालाही थांबायची सवय होती, आणि या सदरवाल्याला कुठल्याच गोष्टीची सुरुवात कशी झाली याच्याशी देणंघेणं नाही. छोट्या संकलक होता, चिमीचा सिनेमाही त्यानंच कापून जोडला होता. तो म्हणाला, त्यात काय चुकलं, कुठल्याही सिनेमाची पहिली वीस मिनिटं काढून टाकली तरी कुणाचं काही अडत नाही.

हे ऐकून दादांनी चष्मा पुसला. चष्मा पुसला म्हणजे आता बाण सुटणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"सदर त्याच पेपरात येतं," ते म्हणाले, "जिथं तुझी बायको कामाला आहे. हे मी नुसतं सांगतोय."

"मी मुद्रितं तपासते, दादा," काकू म्हणाली. "काना-मात्रा बघते. कोण लिहितं त्याच्याशी मला कर्तव्य नसतं." हे ती कात्रणाकडे पाहून म्हणाली. चिमीनं ते टिपलं.

छोट्याचा पारा चढला. तो सावकाश बोलणारा माणूस, पण आज त्यानं थेट थोरल्या भावाला विचारलं, की हा सिनेमा पडला तर सगळ्यात बरं कुणाला वाटेल? खेळ गुपचूप उरकून टाका, बोलावणी करू नका, पोस्टर नको, असं महिनाभर कोण म्हणतंय? यंत्र तापवायला ठेवतो, असं काहीतरी पुटपुटत दादा उठले. यंत्र आता हातभर लांबीचं होतं आणि बटण दाबलं की चालू होई, ते तापवायला लागून जमाना झाला होता, तरी कुणी त्यांना अडवलं नाही.

*

यंत्रखोलीला तीन झरोके होते. सभागृहाकडचा गादीवाल्यानं फळी ठोकून बंद केला होता. दुसरा या छोट्या खोलीत उघडे. तिसरा हवेसाठी रस्त्याच्या बाजूला, त्यातून समोरचा फूटपाथ आणि पूर्वी जिथं सिनेमाचा मोठा फलक उभा असे ती जागा दिसे. दादांनी पंचेचाळीस वर्षं या खोलीत काढली होती. तिसऱ्या झरोक्याकडे पाठ करून बसायची सवय त्यांना बेचाळीस वर्षांपूर्वी लागली.

त्या वर्षी फलक रंगवायला एक पेंटर येत असे. हात चांगला, बोलणं कमी. शिडीवर चढून नायिकेचे डोळे रंगवता रंगवता तो खालच्या खिडकीकडे बघे आणि खिडकीतून ताई वर बघे. ती तेव्हा चोवीस वर्षांची होती. वडील नुकतेच गेले होते आणि थिएटर तिघा भावंडांच्या अंगावर येऊन पडलं होतं. एका संध्याकाळी पेंटरनं ताईसाठी चिठ्ठी दिली, ती पंधरा वर्षांच्या छोट्याच्या हातात. छोट्या खिडकीकडे जायच्या ऐवजी रिळं चढवायला मदत करायला म्हणून वर आला आणि दादांनी त्याच्या मुठीतून चिठ्ठी काढून घेतली. विचारलं तर हरवली म्हणून सांग, असं त्याला बजावलं. ते पोर भावाला घाबरणारं, त्यानं तसंच सांगितलं.

‘मध्यंतरापर्यंत समोरच्या फलकाखाली थांबतो,’ असं चिठ्ठीत होतं. ‘खिडकी बंद करून बाहेर आलीस तर दोघं मिळून जाऊ. आत गेलीस तर मी समजेन.’

दादांनी झरोक्यातून सगळं पाहिलं. पेंटर फलकाखाली उभा राहिला. मध्यंतर झालं. ताईनं रोजच्यासारखी खिडकी बंद केली आणि रोजच्यासारखी उरलेला सिनेमा बघायला आत गेली. पेंटर आणखी थोडा वेळ उभा होता. मग त्यानं ब्रशांची पिशवी उचलली आणि तो निघून गेला, तो कायमचा. आठवड्यानं ताईला कुणाकडून तरी कळलं, की तिच्या भावाजवळ चिठ्ठी दिली होती. भाऊ म्हणजे कोण, तेही कळलं. तेव्हापासून छोट्याचा कप खुर्चीच्या हातावर.

चार वर्षांपूर्वी डोळ्याच्या शस्त्रक्रियेआधी दादा घाबरले आणि हे सगळं मुलीला सांगून मोकळे झाले. मुलीनं त्याचा सिनेमा केला. पहिल्यांदा त्यांनी आकांडतांडव केलं. मग त्यांनी हिशेब केला, की चिठ्ठी सिनेमाच्या पहिल्या भागात आहे, आणि पहिला भाग ताई जन्मात बघत नाही. दुसऱ्या भागात ती डुलकी घेते. बाकी जगाला ही गोष्ट खोटी म्हणून दाखवली तर बिघडलं काय? मागच्या महिन्यात ती दाराजवळ डोळे मिटून बसली होती, तेव्हा त्यांना सुटल्यासारखं वाटलं होतं.

आता सदरातली शेवटची ओळ त्यांच्या डोक्यातून जात नव्हती. दिग्दर्शिकेनं केला की आणखी कुणी. हे लिहिणाऱ्याला चिठ्ठीचं ठाऊक आहे. म्हणजे छोट्याच, दुसरं कोण? बेचाळीस वर्षं दुसऱ्याचं पाप डोक्यावर घेऊन बसलेला माणूस एक दिवस बोलणारच. आणि अशा विचारानं आपल्याला भावाचा राग येतोय, याची दादांना लाजही वाटत होती. लाज वाटून राग कमी झाला नाही.

*

चिमीनं पिशवीतून वही काढली. दोन वर्षांची सगळी कात्रणं तिनं चिकटवून ठेवली होती, शत्रूची पत्रं ठेवावीत तशी. दोन दिवस ती त्यात घरातल्या एकेकाचा आवाज शोधत होती. बाबांचा म्हणावा तर मधेच एखादं वाक्य काकूसारखं यायचं. काकूचं म्हणावं तर त्यात नळ दुरुस्त करणाऱ्या माणसाची टर उडवलेली.

"तो सावत्र भावाचा लेख आहे का त्यात?" छोट्यानं विचारलं. वातावरण हलकं करायला तो काहीतरी बोलत होता. "तेवढ्यासाठी मी त्या माणसाला सगळं माफ करीन."

तो लेख शहरभर गाजला होता. त्या सिनेमात सावत्र भाऊ पहिल्या दीड तासात थोरल्याला वेडा ठरवून कोंडतो, वहिनीला घराबाहेर काढतो आणि म्हाताऱ्या नोकरावर चोरीचा आळ घेतो. मग त्याला उपरती होते. एक प्रेक्षकानं लिहिलं होतं, ‘या सिनेमात एकच भला माणूस आहे, तो म्हणजे सावत्र भाऊ. सगळे जण त्याच्यावर का ओरडतात ते समजलं नाही. बिचारा प्रत्येकाला पाणी आणून देतो.’ लोक पोट धरून हसले होते. काय तिरकस लिहितो, असं जो तो म्हणाला होता.

चिमीनं ते कात्रण पुन्हा वाचलं आणि या वेळी तिला हसू आलं नाही. तिनं मागची पानं उलटली. एका सिनेमात बुडालेल्या जहाजाबद्दल एक अक्षर नव्हतं, वाचलेल्यांच्या भांडणावर मात्र दोन परिच्छेद. एका नायिकेला ‘ही बाई मुळातच अबोल दिसते’ असं म्हटलेलं, आणि तिची वाचा मध्यंतराला जाते. नव्वदेक लेखांत मध्यंतराच्या आधीचा एकही प्रसंग नव्हता. लिहिणारा तिरकस अजिबात नव्हता. जेवढं पाहिलं तेवढं तो सरळ लिहीत होता.

"काकू," ती म्हणाली, "हे लेख पेपरात येतात कसे?"

काकूनं दाराकडे पाहिलं. जिन्यावर पावलं वाजत होती, आणि कपांचा आवाज.

"मी टाइप करते," काकू हळूच म्हणाली. "त्या सांगतात, मी टाइप करते. एकदा भाजी निवडताना त्या एका सिनेमाबद्दल असं काही बोलल्या, की मी हातातलं ठेवून हसत बसले. म्हटलं, हे छापायला पाहिजे. इतक्या वर्षांत त्यांना कुणी विचारलंच नव्हतं."

छोट्या बायकोकडे बघत राहिला. दोन वर्षं एका छताखाली राहून आपल्याला हे कळलं नाही, याचं त्याला आश्चर्य वाटलं की वाईट, ते त्याचं त्यालाच कळेना.

*

ताईनं ट्रे टेबलावर ठेवला, कात्रणाच्या शेजारीच. खोलीत शिरल्याबरोबर तिला कळलं, की यांना कळलं. सदतीस वर्षं खिडकीत बसून माणसाचा नुसता हात बघून तो कुठलं तिकीट मागणार ते ओळखायची सवय होती, तिला चेहरे वाचायला कितीसा वेळ?

अंधार झाला की डोळे उघडायचे आणि दिवे लागायच्या आत मिटायचे, असं तिनं वर्षानुवर्षं केलं होतं. मध्यंतरापर्यंत उशिरा येणारं एखादं गिऱ्हाईक असे, म्हणून खिडकी सोडता यायची नाही. मध्यंतरानंतर ती आत जाई आणि मागे उभी राहून उरलेला सिनेमा पाही. माणसं आधी काय करून बसली आहेत ते न कळता त्यांना भेटायचं, याची तिला इतकी सवय झाली, की खिडकी सुटली तरी ती सवय सुटली नाही. आताही बाजाराला म्हणून निघे आणि शहरातल्या एखाद्या थिएटरात मध्यंतराला शिरे, दारावरची माणसं जुन्या ओळखीची होती. पहिला भाग ती मनानं रचे. बहुतेक वेळा तो खऱ्यापेक्षा बरा असे.

मागच्या महिन्यात मात्र तिला पहिला भाग रचता आला नाही. पडद्यावर एक बाई खिडकी बंद करून आत जाते आणि समोर फलकाखाली एक माणूस तिची वाट बघत उभा असतो. पेंटर त्या संध्याकाळी तिथं उभा होता? हे चिमीला कुणी सांगितलं? फलकावरची शिडी खिडकीतून दिसे, पण फलकाखालची ती जागा समोर उभ्या रिक्षांआड जाई. छोट्या तेव्हा सभागृहात लोकांना जागा दाखवत होता. ती जागा दिसायची फक्त वरच्या झरोक्यातून. मग तिनं त्या चार ओळी लिहिल्या, आणि कोण दचकतं ते बघायचं ठरवलं.

"आत्या," चिमी म्हणाली, "लेख दिला का शुक्रवारचा?"

"दिलाय. हिच्याजवळ आहे." ताईनं काकूकडे बोट दाखवलं. "तुला आवडायचा नाही. समोर माणूस ताटकळलेला दिसत असताना कुठलीच बाई त्याच्या तोंडावर खिडकी बंद करत नाही. तुझी बाई करते. का करते, ते तू दाखवलं नाहीस."

"दाखवलंय. पहिल्या भागात."

"माझ्या आयुष्याचा सिनेमा केलास आणि मला विचारलं नाहीस."

चिमीची मान खाली गेली. या घरात जे सगळे करत आले तेच तिनंही केलं होतं. आत्याला काय कळतंय, असं धरून चालली होती.

"नाही विचारलं," ती म्हणाली. "चुकलं माझं. तू तो पहिल्यापासून बघ. मग काय लिहायचं ते लिही, मी काही म्हणणार नाही."

दादा यंत्रखोलीच्या दारात उभे होते. त्यांनी सांगितलं, की आज जुना सिनेमा ठरला आहे, आयत्या वेळी बदल करायचा नाही. ते कुणी ऐकलंसं वाटलं नाही, तेव्हा त्यांनी सांगितलं, की यंत्राचा आवाज बरोबर येत नाही, एकदा माणूस बोलावून दाखवायला हवं. त्यांचा आवाज असा पातळ झालेला चिमीनं कधी ऐकला नव्हता. ताई त्यांच्याकडे बघत होती. कोण दचकतं ते तिला दिसलं होतं.

"लाव दादा," ती म्हणाली.

"ताई, पहिला भाग फार लांबलाय. छोट्याला मी कधीचा सांगतोय, काप म्हणून. तुला कंटाळा..."

"मी लावू का, दादा?" छोट्यानं विचारलं. तो उभा राहिला होता. या खोलीत यंत्राला दादांशिवाय कुणी कधी हात लावला नव्हता.

दादा आत गेले आणि त्यांनी स्वतःच बटण दाबलं. एकदा लागलेला सिनेमा त्यांनी उभ्या आयुष्यात मधेच थांबवलेला नव्हता. वीज गेली तरी ते कंदील घेऊन उभे राहत आणि लोकांना सांगत, जाऊ नका, पुढे चालू होईल. आजही त्यांनी तो थांबवला नाही. बटणावरून उचललेला हात मात्र त्यांना कुठं ठेवावा ते कळेना.

*

ताई पुढच्या रांगेत जाऊन बसली. सुरुवातीची नावं ती वाचत होती. सिनेमाला सुरुवातीला नावं असतात हे तिला माहीत होतं, पण ती इतकी असतात हे माहीत नव्हतं. शिडीवरचा पेंटर आला तेव्हा ती जराशी हसली, कारण चिमीनं त्याला देखणा दाखवला होता आणि तो मुळीच देखणा नव्हता. मग पोरगा चिठ्ठी घेऊन जिना चढला. थोरल्या भावानं त्याची मूठ उघडली. चिठ्ठी पडदाभर दिसली, सगळ्या ओळी वाचून होतील इतका वेळ. मग थोरल्या भावानं ती यंत्राच्या दिव्यात, पेटलेल्या कार्बनच्या कांड्यांत धरली, आणि पोराला म्हणाला, "हरवली म्हणून सांग."

मध्यंतराच्या पाटीबरोबर दिवे लागले. ताई उठली आणि वळली. तिचे डोळे कोरडे होते.

"चिठ्ठीत हेच होतं?"

"शब्दन् शब्द," झरोक्याच्या मागून दादा म्हणाले.

"तो उभा होता ते तू बघत होतास."

"हो."

"का केलंस?"

दादांनी बेचाळीस वर्षं याचं एक चांगलं उत्तर तयार करून ठेवलं होतं. त्यात बहिणीची काळजी होती, पेंटरचं अस्थिर उत्पन्न होतं, गेलेल्या वडिलांचा शब्द होता. त्यातलं काहीच आत्ता तोंडातून निघेना.

"तू गेली असतीस तर खिडकीत कोण बसलं असतं?" ते म्हणाले.

बोलून झाल्यावर ते वाक्य त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. एवढंसं कारण होतं. काकूनं तोंडावर हात ठेवला. चिमीला बापाची दया आली आणि त्याच वेळी त्याच्याकडे बघवेना.

आपणच खिडकी बंद केली आणि आपणच आत गेलो, म्हणजे पेंटरला नकळत उत्तर आपणच दिलं, हे ताईला आता कळत होतं. त्या संध्याकाळी आत कुठला सिनेमा होता, ते मात्र काही केल्या आठवेना.

"दुसरा भाग लावू नका," ती म्हणाली. "तो मला ठाऊक आहे."

मग ती काकूला म्हणाली, की शुक्रवारचा लेख छापायला द्यायचा नाही, उद्या नव्यानं सांगते. सुरुवातीलाच लिहायचं, की हा प्रेक्षक दोन वर्षं अर्धेच सिनेमे पाहत होता. लोक हसतील, हसू देत. चिमीनं विचारायचं धाडस केलं नाही, पण तिचं तोंड बघून ताईच म्हणाली, "चांगलंच लिहीन असं नाही हं. पेंटर फार गोरागोमटा घेतलायस. पण ती बाई का तसं वागते ते लिहीन. तुझा थिएटरवाला वाचेल."

ट्रेवरचा चहा निवला होता. तिनं तो बाजूला सारला आणि थर्मासमधला दुसरा ओतला. चिमीला कप दिला, काकूला दिला. तिसरा भरला आणि छोट्यासमोर येऊन उभी राहिली. छोट्यानं सवयीनं खुर्चीच्या हातावरची वही उचलून जागा केली. ताई तशीच उभी राहिली. त्यानं वर पाहिलं, तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की कप त्याच्या तोंडासमोर धरलेला आहे.

"घे," ती म्हणाली. "गरम आहे."

त्यानं दोन्ही हातांनी कप घेतला.

मग ताईनं शेवटचा कप भरला आणि ती यंत्रखोलीत गेली. दादांनी हात पुढे केला. तिनं कप यंत्राशेजारच्या टेबलावर ठेवला आणि दार लोटून घेऊन बाहेर आली.